दिवाळीच्या सफाईत सापडलेलं गोड

मंगलाताई टाकळकरांनी उभं आयुष्य दुसऱ्यांची बोटं टोचली. लग्न होऊन देवासहून उज्जैनला आल्या, फ्रीगंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागल्या आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिल्या. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसलेली असत. मंगलाताई एकेकाचा हात हातात घेत, काहीतरी विचारत, आणि माणूस उत्तर देईपर्यंत सुई टोचून झालेली असे. "तुम्हाला चेहऱ्यावरून शुगर कळते म्हणतात," असं कुणी म्हटलं की त्या हसत. "मला कुठलं कळतंय. मशीनला कळतं, मी वाचून दाखवते."

नानाखेड्याच्या आमच्या कॉलोनीत त्यांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे. त्यामुळे पुढे जे झालं त्यातलं थोडं मी पाहिलं, आणि बाकीचं त्यांनी स्वतः सांगितलं. लिहिते म्हटल्यावर म्हणाल्या, "लिही. नाव बदलू नकोस."

त्यांचे यजमान प्रभाकरराव वीज मंडळात होते. उंच, कमी बोलणारे, घरातसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावून बसणारे. त्यांना पुष्कळ वर्षांपासून शुगर होती, आणि गोडाचा शौक त्याच्याही आधीपासून. मंगलाताईंचं उलट. जिथे लोक पोह्यांबरोबर जिलबी खातात त्या गावात राहून ही बाई नुसते पोहे खायची, वर शेव जरा जास्त. घरात गोड येऊ द्यायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं, आणि आणलेलं गोड दिसू द्यायचं नाही हे प्रभाकररावांनी. दुपारी मंगलाताईंचा डोळा लागला की आतल्या खोलीतून पन्नीचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीचा, आवाज येई. सावकाश, चोरून उघडल्यासारखा. त्या पडल्या पडल्याच विचारत, "अहो, काय आहे ते?" आतून उत्तर येई, "काही नाही, कागद आहेत."

चार वर्षांपूर्वी नवरात्रात प्रभाकरराव गेले. त्या सकाळी मंगलाताईंनी रोजच्यासारखं त्यांचं बोट टोचलं होतं. आकडा छान आला. इतका छान की दोघंही मशीनकडे बघत राहिली. "आज शहाण्यासारखी आली बघा," त्या म्हणाल्या. "मग आज एक पेढा बनता है," प्रभाकरराव म्हणाले. "दसऱ्याला देईन," असं म्हणून त्या चहा टाकायला गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा ते मागच्या गॅलरीतल्या खुर्चीत पेपर मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांची मान एका बाजूला कलली होती. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. शुगरचा ह्यात थेट संबंध सांगता येणार नाही, असंही म्हणाले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मंगलाताई एकच सांगत. "आकडा चांगला होता हो. मी स्वतः बघितला." नंतर त्यांनी ते घरचं मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. लॅबमध्ये निवृत्त होईपर्यंत शेकडो बोटं टोचली, पण स्वतःचं एकदाही नाही.

त्या वर्षी दिवाळी झालीच नाही. पुढच्या वर्षी सफाई काढली तेव्हा त्या हातात काहीतरी घेऊन माझ्या दारात आल्या. प्रभाकररावांच्या जुन्या गरम कोटाच्या आतल्या खिशातून गजकेची, म्हणजे तिळगुळाच्या वडीची, पुडी निघाली होती. कागद तेलकट झालेला, आतली गजक दगडासारखी.

"बघ ना अपर्णा. गेले तरी लपवणं गेलं नाही."

"फेका ती," मी म्हटलं. "किती जुनी असेल."

तोवर त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला होता. "डांबराच्या गोळ्यांचा वास येतो," असं म्हणाल्या आणि चावत राहिल्या. गोड न खाणारी बाई ती.

त्या दिवाळीत अजून बरंच सापडलं. शिलाई मशीनच्या खालच्या कप्प्यात रेवड्या, बंद पडलेल्या थर्मासमध्ये पेपरमिंटच्या गोळ्या, टांडावर, म्हणजे माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे सोनपापडीचा न फोडलेला डबा. प्रत्येक वेळी त्या बंगलोरला केतकीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, फोन करत. केतकी आधी हसे, मग रडे. "बाबा म्हणजे कमाल होते," म्हणे. फोन ठेवून मंगलाताई सापडलेलं खाऊन टाकत. टाकून द्यायला जीव होत नव्हता, असं त्या नंतर मला म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या दिवाळीतही सापडलं. मला जरा नवल वाटलं. एवढं लहान घर, आदल्या वर्षी कोपरा न् कोपरा झाडलेला. पण मी म्हटलं, लपवणारा माणूस हुशार होता, असेल.

मग गेलं वर्ष आलं. तोवर मंगलाताई निवृत्त झाल्या होत्या आणि दिवसभर घरी एकट्या असत. गणपती उठले तशी त्यांची धावपळ सुरू झाली. केतकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तिची सासरची माणसं दिवाळीला उज्जैनला येणार होती. त्यांना महाकालाचं दर्शन घडवायचं, घर रंगवायचं, फराळ घरचाच करायचा. त्यातून कॉलोनीतल्या चार घरांनी अनारसे आणि चकली त्यांच्याकडे सांगितलेली. नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. समोरचा रस्ता सिंहस्थाच्या कामासाठी खोदून ठेवलेला, जेसीबी दिवसभर घरघरत असे आणि धूळ थेट देवघरापर्यंत येई. त्या पहाटे उठत, चहावर दुपार काढत, भूक मेली की काहीतरी तोंडात टाकत. गळ्याची हाडं दिसायला लागली. येता जाता पाण्याचा तांब्या तोंडाला.

"एवढं पाणी काय पिताय?" मी विचारलं.

"धूळ आहे गं. घसा सुकतो."

लॅबमध्ये जन्म काढलेल्या बाईने असं म्हणावं आणि मी ते ऐकून घ्यावं, ह्याचं आज वाईट वाटतं.

एका दुपारी मी अनारशांना हात लावायला गेले होते. दोघी ओट्याजवळ पाटावर बसलो होतो. मंगलाताईंनी एकदम हात वर केला.

"ऐकलंस?"

मला पंखा ऐकू येत होता आणि बाहेरचा जेसीबी. "काय?"

"पन्नी वाजली. आतल्या खोलीत." त्यांचा आवाज अगदी साधा होता, दूधवाला आला म्हणावं तसा. "रोज वाजते ह्या वेळेला. आधी वाटलं उंदीर आहे. पिंजरा लावला, काही नाही निघालं."

त्या उठून आत गेल्या. मी पीठ मळत राहिले. बऱ्याच वेळाने परत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"कुणी नाही," म्हणाल्या.

त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता. ओठाच्या कडेला पेढ्याचा कण चिकटला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला स्पष्ट जाणवलं की त्यांना तो कण माहीत नाही. एकटी पडलेली बाई आहे, तिला काय टोकायचं, असं मनाला सांगून मी अनारसे थापायला घेतले.

पुढे त्यांनी मला सांगितलं, की त्या दिवसांत त्यांना ती ओढ आपली वाटतच नसे. "मला गोड आवडत नाही, अपर्णा. जीभ माझी, पण भूक ह्यांची. आवाज आला की उठायचं. मग मध्ये काही आठवायचं नाही. तोंड गोड झालेलं असायचं, एवढंच."

धनतेरसच्या सकाळी मला जळक्या तेलाचा वास आला. त्यांचं दार उघडंच होतं. कढईतून धूर निघत होता आणि मंगलाताई खाली, भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसल्या होत्या. मी गॅस बंद केला आणि त्यांना हलवलं.

"दोन-दोन दिसतेस तू," त्या म्हणाल्या. मग गॅलरीकडे बघत, "ह्यांना चहा दे. केव्हाचे बसलेत."

मी त्या बाजूला मान वळवली नाही. ऑटो बोलावला आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

नर्सने बोट टोचलं, तेव्हा मशीनवर आकडा आलाच नाही. मशीन मोजू शकतं त्याच्या वर साखर गेली की अक्षरं येतात, तीच आली. मंगलाताईंनी ती वाचली. कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि सलाईन लागेपर्यंत तशाच राहिल्या.

संध्याकाळी केतकी पोचली. सासरच्यांना तिने पुढच्या वर्षी या म्हणून कळवून टाकलं होतं. उज्जैनच्याच भैरवगढहून सुलू आली. सुलू म्हणजे प्रभाकररावांची धाकटी बहीण. तिच्या यजमानांची तिथल्या शाळेत नोकरी होती, आता दोघंही तिथेच स्थायिक आहेत. बोलायला फटकळ, पण वहिनीवर जीव. मंगलाताई दवाखान्यात असेपर्यंत ह्या दोघींनी घर आवरायला घेतलं, आणि लक्ष्मीपूजन केतकीने एकटीने केलं.

पाडव्याला मंगलाताई घरी आल्या. मी त्यांच्यासाठी मुगाचं वरण घेऊन गेले. जेवणाच्या टेबलावर डबे आणि पन्न्या मांडून ठेवल्या होत्या. मावा-बाटी, पेढे, बालूशाही, मिल्क केक. काही अर्धे खाल्लेले, काही न उघडलेले. मंगलाताई समोरच्या खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या.

"कुठे सापडलं माहितेय?" केतकी मला म्हणाली. "बाबांच्या बुटांत. मिक्सरच्या खोक्यात. देवांच्या जुन्या वस्त्रांखाली."

"त्यांनीच ठेवलंय," मंगलाताई म्हणाल्या.

केतकीने एक डबा उचलून त्यांच्यासमोर धरला. बस स्टँडच्या कोपऱ्यावर नवीन झालेल्या दुकानाचं नाव होतं त्यावर. "आई, हे दुकान ह्या आषाढात उघडलं. बाबांनी पाहिलंसुद्धा नाही."

मंगलाताई डब्याकडे बघत राहिल्या. जेसीबी बंद होता, सणाची सुट्टी. एवढी शांतता त्या घरात मी खूप दिवसांनी ऐकली.

"मला ठाऊक होतं," त्या अखेर म्हणाल्या. "आणि नव्हतंही. भाजी आणायला जायचे तर पाय तिकडे वळायचे. पाहुणे येणारेत म्हणून घेतेय, असं दुकानदाराला सांगायचे. तो विचारत नव्हता तरी. घरी आले की ठेवायची जागा शोधायची. हे असते तर कुठे ठेवलं असतं, असा विचार करून ठेवायचे. मग विसरायचे. खरंच विसरायचे गं, नाटक नव्हतं."

"पण का?" केतकीचा आवाज चढला. "तुला सगळं माहितेय. तू बाबांना एक घास खाऊ दिला नाहीस."

"दुसऱ्या वर्षी सफाई केली आणि काही सापडलं नाही." मंगलाताईंनी शालीचं टोक घट्ट धरलं होतं. "सगळं घर काढलं. टांड काढला. काही नाही. रिकामं. मला उभं राहवेना. त्या दिवशी बाजारातून पाव किलो पेढे आणून शिलाई मशीनमध्ये ठेवले, आणि चार दिवसांनी मलाच सापडले. तुला फोन केला ना मी, आठवतंय? तू किती हसलीस."

केतकी खाली बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने उठून तिने कचऱ्याची पिशवी आणली आणि डबे त्यात टाकायला लागली, एकामागून एक, आवाज करत. मंगलाताई प्रत्येक डब्याबरोबर जरा जरा मिटत होत्या.

"थांब जरा," सुलू म्हणाली. इतका वेळ ती दाराला टेकून उभी होती. "वहिनी, तुम्हाला काय वाटतं, दादा हे सगळं खायचा?"

"खायचे म्हणजे काय. आवाज ऐकलाय मी."

"उघडून बघायचा. मोजायचा. परत बांधून ठेवायचा. माझ्याकडे यायचा तेव्हा पाहिलंय मी." सुलू खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "आम्ही लहान असताना घरात माणसंच माणसं होती. माईने, म्हणजे आमच्या आईने, काही केलं की परातीत पडायचं आणि ज्याचा हात लांब त्याचं पोट भरायचं. दादा सगळ्यात थोरला, त्याने मागायचं नाही असा कायदा. म्हणून तो एखादा लाडू उचलून लपवायचा. आठ-आठ दिवस नुसता ठेवायचा. मी विचारलं, खात का नाहीस रे? म्हणाला, खाल्ला की संपतो. आहे म्हणून बरं वाटतं. मुंग्या लागल्या की रडायचा आणि मला द्यायचा. मी मुंग्या झटकून खायचे."

मंगलाताईंनी मान वर केली.

"हे मला कधी बोलले नाहीत."

"तो कुणाला काय बोलायचा, वहिनी."

"मी इतकी वर्षं समजत होते, मी ह्यांना उपाशी ठेवतेय."

"उपाशी नव्हता तो. बेचैन होता."

त्या बराच वेळ आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, की सुलू बोलत होती तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटलं, आत कुणी अनोळखी माणूस राहून गेला. संसार केला, मूल झालं, त्याचं बोट रोज हातात घेतलं, आणि तो पन्नी का उघडतो हे विचारलं नाही. जी भूक त्यांनी स्वतःच्या अंगात वाढवली होती ती प्रभाकररावांची नव्हतीच. मग ती कुणाची, ह्याचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही.

टेबलावरचं बाकीचं गोड मंगलाताईंनी स्वतः पिशवीत भरलं. केतकीला त्यांनी मदत करू दिली नाही.

पुढची गोष्ट तशी साधी आहे. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर तरुण होता, घाई न करता बोलला. गोडाची ओढ पोटातून थोडी येते, म्हणाला, आणि न झोपण्यातून, न जेवण्यातून, एकटं बसण्यातून जास्त. नुसतं गोड बंद करून काही होणार नाही, दिवसाची घडी बसवा. मंगलाताईंनी हे सगळं दुसऱ्यांना आयुष्यभर सांगितलेलं होतं. त्या दिवशी त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं. नवीन मशीन घेतलं. ते हातात घ्यायलाच त्यांना महिना लागला. केतकी व्हिडिओ कॉलवर समोर बसे तेव्हा कुठे त्या सुई टोचत, आणि आकडा चांगला आला की जास्त घाबरत. चांगल्या आकड्याची भीती डॉक्टरला समजावून सांगता येईना.

सकाळी पोटभर खाऊनच घराबाहेर पडायचं, हा नियम त्यांनी केला. उपाशीपोटी बाजारात गेलं की पाय कुठे वळतात ते त्यांना कळलं होतं. दुपारची ती वेळ घरात काढायची नाही म्हणून सुलूकडे भैरवगढला जायला लागल्या. तिथे गल्लीत छापलेल्या चादरी वाळत असतात, रंगाचा ओला वास असतो, आणि सुलूची अखंड बडबड. सुलू त्यांना प्रभाकररावांच्या लहानपणाच्या गोष्टी सांगे. एकच गोष्ट दोनदा सांगितली तर मंगलाताई दुसऱ्यांदाही तितक्याच लक्ष देऊन ऐकत. ज्या दिवशी जाणं होत नसे त्या दिवशी माझ्याकडे येऊन बसत. एकदोनदा म्हणाल्या, "आवाज आला आत्ता. म्हणून आले." मी चहा टाकायची, बिनसाखरेचा, आणि आम्ही टीव्ही लावायचो.

मधे एकदा पाय घसरलाही. राखीच्या सुमारास. दुकानातून डबा घेतला, घरापर्यंत आणला, दारातच उभ्या राहिल्या आणि मला हाक मारली. "अपर्णा, हा तुझ्याकडे ठेव. नाही, ठेवू नको. वाटून टाक. माझ्यासमोर वाट." मी शेजारच्या मुलांना बोलावलं. मंगलाताई कठड्यावर बसून बघत राहिल्या. घामाने त्यांचा चेहरा भिजला होता.

ह्या वर्षीची दिवाळी आत्ताच झाली. मंगलाताईंनी कुणाचा फराळ घेतला नाही. चार घरं रागावली, दोन अजून बोलत नाहीत. सफाई सुलूने आणि त्यांनी मिळून केली. टांड काढला, शिलाई मशीन काढलं, कोट झटकले. काहीच निघालं नाही. मी गेले तेव्हा मंगलाताई रिकाम्या खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, झाडू हातात, आणि सुलू मुद्दामच मोठ्या आवाजात स्वयंपाकघरातून बोलत होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा कडक होता.

"काही नाही आहे," त्या म्हणाल्या.

"नाही."

"बघवत नाही गं. पण बघते."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केतकी आणि सासरची माणसं आली होती. पंगतीत मंगलाताईंच्या ताटात एक अनारसा होता, सगळ्यांना दिसेल असा. जेवण झाल्यावर त्यांनी तो हळूहळू खाल्ला. केतकीच्या सासूबाईंनी आग्रह केला, "और एक लो ना, त्यौहार है." मंगलाताई म्हणाल्या, "नहीं जी, मुझे शुगर है. और मन भी ठीक नहीं रहता त्यौहार में." सासूबाई म्हणाल्या, "मेरा भी नहीं रहता." आणि त्या दोघी पानं उचलेपर्यंत तिथेच बसून हळू आवाजात बोलत राहिल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही.

परवा मी त्यांना विचारलं, आता कसं वाटतं. त्या वाल निवडत होत्या.

"सण जवळ आला की अजून घाबरते. पुढच्या वर्षीही घाबरेन. फक्त आता घाबरले की कुणाला तरी सांगते." मग त्यांनी निवडलेले वाल पुढे सरकवले. "हे अर्धे तू घेऊन जा. मला एकटीला संपत नाहीत."